मंत्रिपदावरचा अनुवादक

अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे ज्येष्ठ, आणि बरकतपुरा, विद्यानगर, अंबरपेठ अशा चारी बाजूंनी या वेळच्या रहदारीतून वाट काढत नल्लकुंट्यात येऊन पोहोचलेले सगळे श्रोतेहो,

व्याख्यानाचा विषय मी कळवला, तेव्हा आयोजकांपैकी एकांचा फोन आला. फार अदबीनं विचारलं त्यांनी, "सर, माणूस आपलाच घ्यायचा ना?" प्रश्न रास्त होता. या हैदराबादेत मराठी मंत्र्यांची वाण कधीच नव्हती. विनायकराव कोरटकर आहेत, दिगंबरराव बिंदू आहेत, गोपाळराव एकबोटे आहेत. तिघेही जुन्या हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात होते, आणि एकबोटे तर पुढे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. हे सोडून पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव कशाला? मी म्हटलं, "आपलाच घेतलाय." ते हसले. मला वाटतं, त्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नाही ती. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' तेलुगूत नेणारा माणूस आपला नाही, तर कोण आपलं? पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेला, नागपुरात वकिलीची पदवी घेतलेला, रामटेकच्या मतदारांनी दोनदा लोकसभेत पाठवलेला, आणि मराठी अस्खलित बोलणारा! आपल्यातल्या किती जणांनी एखादी तेलुगू कादंबरी मराठीत आणली आहे? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती तीन मुक्कामांवर थांबत सांगतो. पी. व्हीं.ना कुणी मुत्सद्दी म्हणतं, कुणी सुधारक, कुणी मौनी बाबा. मला ते जन्मभर अनुवादक दिसतात. पुस्तकांचे तर होतेच, पण खुर्चीवर बसूनही त्यांनी तेच केलं. एका बाजूचं म्हणणं दुसऱ्या बाजूला कळेल अशा भाषेत मांडायचं आणि आपण मध्ये दिसायचं नाही. त्यांचं यश त्यात आहे. आणि त्यांचे अपराधही, हो, मी अपराध हाच शब्द वापरतो, त्यातच आहेत.

पहिला मुक्काम, हा माणूस घडला कुठे?

२८ जून १९२१ चा जन्म. वरंगल जिल्ह्यातल्या लकनेपल्लीचा. दत्तक गेले करीमनगरकडच्या वंगरा गावी, जमीनदाराच्या घरात. घरात तेलुगू, पूजेत संस्कृत, शाळेत उर्दू. निजामाच्या राज्यात हे सगळ्यांचंच होतं. मराठवाड्यातल्या आपल्या आजोबांचंही तेच, फक्त तेलुगूच्या जागी मराठी. घरची भाषा एक, सरकारची दुसरी, देवाची तिसरी. अशा मुलुखातलं पोर बोलायला लागलं की भाषांतर करायलाच लागतं, त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि आपण कुठे बसलो आहोत ते बघा. इथून उस्मानिया विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. आधुनिक विषय उर्दूतून शिकवायचे असा संकल्प करून १९१८ साली हे विद्यापीठ निघालं. त्याच्या आदल्या वर्षी काय निघालं होतं? दार-उल-तर्जुमा. भाषांतराचं खातं! म्हणजे विद्यापीठाच्या आधी अनुवादकांची कचेरी. वैद्यक, कायदा, गणित, सगळं आधी उर्दूत आणायचं आणि मग वर्ग भरवायचे. हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या शहरानं हे असं उलट्या क्रमानं केलं? आपल्या या वस्तीचं नावच घ्या. नल्ल म्हणजे काळं, कुंट म्हणजे तळं. तळं कधीच बुजलं, नाव राहिलं, आणि आपण ते रोज भाषांतर न करता उच्चारतो. असो, विषयांतर झालं.

१९३८ साली उस्मानियातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटलं, बंदी मोडली आणि शेकड्यांनी बाहेर काढले गेले. ते लोण वरंगलच्या कॉलेजात पोहोचलं. सतरा वर्षांचे पी. व्ही. त्यात होते. नाव कमी झालं. निजामाच्या राज्यात आता कुठेही शिकता येणार नव्हतं. त्या वेळी या पोरांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं, कुलगुरू टी. जे. केदार यांनी. पुढे फर्ग्युसनमध्ये बी.एस्सी., पुन्हा नागपूरला एलएल.बी. तेलंगणातल्या एका मुलाला त्याच्या राज्यानं हाकललं आणि मराठी मुलुखानं वाढवलं. आता सांगा, आपला की परका?

वकिली शिकायला ते हैदराबादेत बुर्गुल रामकृष्ण रावांकडे आले. तेही फर्ग्युसनचेच. राजकारण शिकले ते स्वामी रामानंद तीर्थांकडे. स्वामीजी पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म कानडी मुलुखात सिंदगीला, काम मराठवाड्यात, लढा साऱ्या हैदराबाद संस्थानाचा. स्टेट काँग्रेसचे कॅम्प तेव्हा सरहद्दीबाहेर होते. पी. व्ही. चांद्याच्या कॅम्पवर होते. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी माणसं एका कॅम्पात, एका पातेल्यातलं जेवत. मला तर वाटतं, पुढे दिल्लीत आघाड्या आणि गट सांभाळताना त्यांना जे लागलं, ते सगळं चांद्यात शिकून झालं होतं. १९७२ च्या जानेवारीत स्वामीजी गेले, तेव्हा त्यांचा हा शिष्य आंध्र प्रदेशाचा मुख्यमंत्री होता. बेगमपेठेतलं स्वामीजींचं स्मारक आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय, हे विचारत नाही. पुन्हा हात वर करायची वेळ यायची.

दुसरा मुक्काम, मंत्री म्हणून काय केलं?

ही यादी मोठी आहे आणि मी त्यातलं बरंच गाळणार आहे. १९५२ ची लोकसभा करीमनगरातून हरले, कम्युनिस्टांच्या बद्दम येल्ला रेड्डींनी पाडलं. १९५७ मध्ये मंथनीतून आमदार, आणि मग थेट १९७७ पर्यंत तेच. १९६२ मध्ये राज्यात मंत्री झाले. कायदा, माहिती, देवस्थानं, आरोग्य, शिक्षण अशी खाती एकामागून एक. आरोग्य खातं असताना आपलं हे फीव्हर हॉस्पिटल त्यांच्याच अखत्यारीत असणार, पण त्यावर आज थांबत नाही.

थांबतो शिक्षणावर. १९६८ साली तेलुगू अकादमी निघाली, इथे जवळच हिमायतनगरात, आणि पहिले अध्यक्ष पी. व्ही. काम काय? कॉलेजातले विषय तेलुगूत आणायचे. ओळखीचं वाटलं ना? दार-उल-तर्जुम्याचाच हा दुसरा जन्म. पन्नास वर्षांपूर्वी निजामानं उर्दूसाठी जे केलं, ते उर्दूत शिकलेल्या या मंत्र्यानं तेलुगूसाठी केलं. त्याच १९६८ साली विश्वनाथ सत्यनारायणांच्या 'वेयि पडगलु'चा त्यांनी केलेला हिंदी अनुवाद 'सहस्रफण' छापून आला. शिक्षणमंत्री असताना! फायली बघून झाल्यावर हजार फण्यांची कादंबरी हिंदीत उतरवत बसणारा मंत्री. अहो, हल्ली मंत्र्यांची भाषणं दुसरे लिहून देतात.

१९७१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि नलगोंडा जिल्ह्यात सर्वेलला निवासी शाळा काढली. खेड्यातली हुशार पोरं निवडायची, राहणं-जेवण-शिक्षण एकाच छपराखाली. पुढे १९८५ मध्ये दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्री झाल्यावर हाच धागा नवोदय विद्यालयांत दिसतो. पहिली दोन नवोदय कुठे निघाली माहीत आहे? एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. आज देशात सहाशेच्या वर आहेत. सर्वेलचं हिंदीत भाषांतर झालं, आणि हिंदीतून चौदा भाषांत.

आता १९९१ वर येऊ, कारण तुम्ही त्याचीच वाट बघताय.

त्या वर्षी त्यांनी निवडणूक लढवलीच नव्हती. बिऱ्हाड आवरून हैदराबादला परतायची तयारी होती. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली, आणि बरोबर महिन्यानं, २१ जूनला, हे पंतप्रधान. लोकसभेचे सदस्य नसलेले, बहुमत नसलेले. शरद पवारांचं नाव चर्चेत होतं, ते आपल्याला आठवतंच. मराठी माणसाला आठवतंच. तिजोरीत परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन. रिझर्व्ह बँकेचं सत्तेचाळीस टन सोनं बाहेर गहाण. आपल्या घरात सोनं गहाण पडलं की बायका कशा बोलायच्या थांबतात? देशाचं तसं झालं होतं.

आणि मग २४ जुलै. अर्थसंकल्प डॉ. मनमोहन सिंगांनी मांडला, तो सगळ्यांना आठवतो. पण त्याच दिवशी, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, लोकसभेच्या पटलावर आणखी एक कागद ठेवला गेला. नवं औद्योगिक धोरण. अठरा उद्योग सोडून बाकी सगळ्यांचे परवाने रद्द. मोठ्या कंपन्यांच्या विस्तारावरची बंधनं गेली. चौतीस उद्योगांत एक्कावन्न टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला दार उघडं. चाळीस वर्षांचा परवाना-राज एका कागदानं गेला. उद्योगमंत्री कोण होते? स्वतः पंतप्रधान. खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. आणि कागद पटलावर ठेवला कुणी? राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी. उद्योगमंत्र्यांनी त्यावर भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे अर्थसंकल्पाचे.

आता तो कागद उघडून बघा. सुरुवात कशी आहे? नेहरूंच्या नावानं. इंदिराजी, राजीवजी, सगळ्यांना वंदन. पुढची पानं नेहरूंच्या धोरणाचा पाया उखडतात, पण भाषा घरातलीच. सांगायचं नवीन, शब्द जुने. काँग्रेसच्या म्हाताऱ्या खासदारांनी वाचलं आणि त्यांना वाटलं, हे तर आपलंच चाललंय. लबाडी म्हणा हवं तर. मी म्हणतो, उत्तम अनुवाद. वाचकाला परकं वाटू द्यायचं नाही, आणि अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर नको.

नोव्हेंबरात नंद्यालची पोटनिवडणूक पाच लाखांच्या वर मतांनी जिंकली. तेलुगू माणूस पहिल्यांदा पंतप्रधान होतोय म्हणून एन. टी. रामारावांनी उमेदवारच दिला नाही. तेलुगू अभिमान कसा असतो ते यातून शिकावं. आपल्याकडे असा प्रसंग आला असता तर... जाऊ दे. परराष्ट्र खात्याबद्दल, इस्रायलशी जोडलेल्या संबंधांबद्दल, पूर्वेकडे बघायच्या धोरणाबद्दल बोलत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

तिसरा मुक्काम. इथे मला वेळ लागणार आहे, अध्यक्षांनी घंटी जरा लांब ठेवावी.

अनुवादकाला एक रोग असतो. लिहिलेल्या शब्दावर त्याचा फार विश्वास. कागदावर आहे म्हणजे ते आहे. पी. व्हीं.ना हा रोग तीनदा भोवला.

पहिल्यांदा १९७२ मध्ये. मुलकी नियम म्हणजे काय, हे या सभागृहातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. निजामाच्या काळापासूनचा नियम, की इथल्या नोकऱ्या इथल्यांना. मुलकी व्हायला पंधरा वर्षांचा रहिवास हवा. आंध्र प्रदेश झाल्यावर किनाऱ्याकडचे लोक म्हणाले, एक राज्य म्हणता तर हा नियम कशाला? खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ ऑक्टोबर १९७२ ला निकाल आला, की नियम वैध. मुख्यमंत्री पी. व्ही. काय म्हणाले? न्यायालयाचा निकाल अंतिम आहे. कायद्यानं शंभर टक्के बरोबर! पण तेलंगणातून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या तोंडून हे वाक्य विजयवाड्याला कसं ऐकू गेलं? आमचा पक्ष जिंकला, असं. किनारा पेटला. 'जय आंध्र' सुरू झालं. मूळ वाक्य त्यांनी इमानानं वाचून दाखवलं, फक्त ते कुठल्या सभेत वाचतोय याचा विसर पडला.

त्यात जमिनीचा प्रश्न मिसळला होता. त्याच काळात त्यांनी कमाल जमीनधारणेचा कायदा विधानसभेत आणला. जमिनीच्या प्रतीनुसार कुटुंबाला दहा ते चौपन्न एकर, बाकी सरकारजमा. स्वतः जमीनदार. स्वतःची शेकडो एकर जमीन गेली. पण ज्यांच्या हजारो एकर जमिनी जाणार होत्या ते त्यांच्याच पक्षात बसले होते, आणि 'जय आंध्र'च्या घोषणेत त्यांना आयता आवाज मिळाला. जानेवारी १९७३ मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं, राष्ट्रपती राजवट आली. सव्वा वर्षाची कारकीर्द. मला विचाराल तर, आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात धाडसाचं काम हेच, आणि याची किंमत त्यांनी इतकी मोजली की पुढे उघड धाडस करणं त्यांनी सोडूनच दिलं. १९९१ चा तो मुका कागद १९७३ च्या जखमेतून आलेला आहे.

दुसऱ्यांदा १९८४. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली. पुढचे तीन दिवस दिल्लीत शीख जाळले गेले. अधिकृत आकडा अडीच हजारांच्या वर. देशाचा गृहमंत्री कोण? पी. व्ही. नरसिंह राव. दिल्लीचे पोलीस कुणाच्या हाताखाली? गृहमंत्र्यांच्या. सूत्रं वरून हलत होती असं त्यांची बाजू घेणारे सांगतात. हलत असतील. पण मंत्रिपदाची शपथ घेताना माणूस "वरून सूत्रं हलली नाहीत तर" अशी अट घालतो का? त्या तीन दिवसांत ते रस्त्यावर उतरले नाहीत, राजीनामा दिला नाही, ओरडले नाहीत. अनुवादक अदृश्य असावा, हे मी मघाशी कौतुकानं म्हटलं. इथे त्या अदृश्यतेची मला चीड येते. डिसेंबरात ते हणमकोंड्याला भाजपच्या चंदुपट्ला जंगा रेड्डींकडून पडले. त्या वर्षी भाजपला साऱ्या देशात दोनच जागा, त्यातली ही एक. पण रामटेक होतं. रामटेकनं वाचवलं.

तिसऱ्यांदा ६ डिसेंबर १९९२, बाबरी मशीद. यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात काय आहे? घटनेतली कलमं, सर्वोच्च न्यायालयातलं उत्तर प्रदेश सरकारचं वचन, राष्ट्रीय एकात्मता परिषदेतली आश्वासनं. सगळं कागदावर. राज्य सरकारनं न्यायालयाला शब्द दिला होता, तो लेखी होता, म्हणून मशीद सुरक्षित. दुपारपर्यंत घुमट खाली. राष्ट्रपती राजवट लागली संध्याकाळी. तुम्ही म्हणाल, घटनेनं त्यांचे हात बांधले होते. कदाचित. पण १९३८ मध्ये सतरा वर्षांच्या ज्या मुलानं निजामाचा लेखी हुकूम मोडून गाणं म्हटलं, त्याला एकाहत्तराव्या वर्षी कागदापलीकडचं दिसू नये? मी पुष्कळ दिवस या प्रश्नाशी झगडतोय. उत्तर हाती लागलेलं नाही.

शेवटची वर्षं थोडक्यात. १९९६ मध्ये पराभव. खटले. झारखंड मुक्ती मोर्चाच्या लाच प्रकरणात २००० साली खालच्या कोर्टात दोषी, २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयात निर्दोष. आत्मकथा लिहायची वेळ आली, तेव्हाही 'मी' म्हणणं टाळलं. कादंबरी लिहिली, 'दि इनसायडर'. नायक आनंद, राज्य अफरोजाबाद. आपल्याला अफरोजाबाद कुठलं ते कळायला नकाशा लागत नाही. २३ डिसेंबर २००४ ला दिल्लीत गेले. ज्या पक्षाचे ते अध्यक्ष होते, त्याच्या मुख्यालयाच्या फाटकाच्या आत पार्थिव नेलं गेलं नाही. अंत्यसंस्कार इथे, हुसेनसागराच्या काठी. भारतरत्न वीस वर्षांनी, २०२४ मध्ये.

आता परत येतो हरिभाऊंकडे. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत गेलेली यमूची कहाणी. सगळी 'मी'ची भाषा. एक बाई स्वतःच्या तोंडानं सांगतेय. ती कहाणी जमीनदाराच्या घरातल्या या पुरुषाला तेलुगूत न्यावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे. जन्मभर ज्यानं 'मी' टाळला, त्यानं पहिला 'मी' लिहिला तो यमूचा.

पण एक गंमत बघा. तेलुगूत पुस्तकाचं नाव आहे 'अबला जीवितम्'. अबलेचं जीवन. हरिभाऊंचं शीर्षक म्हणजे एक हाक आहे, 'पण'नं सुरू होणारी. तेलुगूत ती गेली आणि साधं विधान उरलं. साऱ्या पुस्तकाशी इमान राखणाऱ्या अनुवादकानं नेमका तोच प्रश्न का गाळला? तेलुगूत तो नीट येत नसेल का? म्हणून इथे येण्याआधी आमच्या शेजारच्या तेलुगू वहिनींना विचारलं, "पण लक्षात कोण घेतो, हे तुमच्यात कसं म्हणाल?" त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "एवरंडी पट्टिंचुकुंटारू?"

इतकं सोपं होतं. आणि मला वाटतं, पी. व्हीं.ना ते येत होतं.